'कुंग फू पांडा', नशीब आणि मुलांचे प्रश्न : सिनेमावरच्या चर्चेची चिकित्सा कशी करायची?



पेटची तयारी करणारे किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : "समीक्षा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आवडलं-नाही आवडलं याच्या पुढे कसं जायचं?" व्याख्या पाठ करून याचं उत्तर मिळत नाही, म्हणून आज एक उदाहरण घेऊन बसू. उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलं आहे : 'कुंग फू पांडा'. ड्रीमवर्क्सचा हा ॲनिमेशनपट 2008 मध्ये आला. दिग्दर्शक दोघे, मार्क ऑस्बोर्न आणि जॉन स्टीव्हन्सन.

विषय असा : मुलांसोबत हा सिनेमा पाहिल्यावर पालकांनी 'नशीब' या गोष्टीबद्दल त्यांच्याशी काय आणि कसं बोलावं? 'मुलांशी सिनेमाबद्दल बोला' असं सांगणाऱ्या प्रश्नावल्या आजकाल भरपूर मिळतात. त्यांत साधारण असे प्रश्न असतात : पो कडून तुम्ही काय शिकलात? स्वतःवर विश्वास ठेवणं का महत्त्वाचं आहे? मेहनतीचं फळ कसं मिळतं? प्रश्न गोड आहेत, पण सिनेमाशी ते जुळत नाहीत, आणि माझा आक्षेप तोच आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला ते तपासता येईल : या सिनेमात नशीब आकाशातून पडत नाही. मोठी माणसं लहानांबद्दल जे ठरवून बोलतात, त्याला हा सिनेमा नशीब म्हणतो. म्हणून त्यावरची चर्चा मुलांना धडा देऊन सुरू करता येत नाही. मोठ्यांना आधी स्वतःची वाक्यं तपासावी लागतात.

हे सिद्ध होतं का, ते पाहू.

पहिली पायरी : शब्द साफ करणं

संशोधनात याला संकल्पना स्पष्टीकरण म्हणतात आणि बहुतेक सिनॉप्सिस इथेच अडकतात. आपल्याकडची मुलं हा सिनेमा इंग्रजीत किंवा हिंदीत पाहतात, पण घरी त्याबद्दल बोलतात मराठीत. आणि मराठीत 'डेस्टिनी'ला एक शब्द नाही, पाच-सहा आहेत. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

'नशीब' हा अरबीतून आलेला शब्द. मूळ अर्थ वाटा, हिस्सा. म्हणजे वाटणीत जे आपल्या पदरात पडलं ते. 'दैव' म्हणजे देवाकडून आलेलं. 'प्राक्तन' म्हणजे आधीचं, पूर्वकर्माचं. इथे जबाबदारी पुन्हा तुमच्यावरच येते, फक्त मागच्या जन्माच्या खात्यातून. 'नियती'त नियम आहे, व्यक्ती नाही. आणि 'विधिलिखित' किंवा 'कपाळावर लिहिलेलं' म्हणताना कुणीतरी लिहिणारा गृहीत धरलेला असतो.

हा लिहिणारा आपल्याकडे चांगला ओळखीचा आहे. मूल जन्माला आल्यावर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी सटवाईची पूजा होते. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते अशी समजूत आहे. काही घरांत त्या पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवतात. हा कोरा कागद लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

आता विचार करा. सात वर्षांची मुलगी विचारते, "आई, पो च्या नशिबातच होतं का ड्रॅगन वॉरियर होणं?" आई 'हो' म्हणाली तर ती यातल्या कुठल्या अर्थाने हो म्हणाली? वाट्याला आलं म्हणून? देवाने ठरवलं म्हणून? की आधीपासून लिहिलेलं होतं म्हणून? आईने हे सगळं मुलीला समजावून सांगावं असं मी म्हणत नाही. पण संशोधकाने शब्द न तपासता मुलाखती घ्यायला सुरुवात केली, तर दहा पालक दहा गोष्टींबद्दल बोलतील आणि तुम्ही सगळ्यांची उत्तरं एकाच रकान्यात भराल.

दुसरी पायरी : सिनेमा नीट पाहणं

समीक्षेत आपलं मत नंतर येतं, आधी नोंद येते. सिनेमात 'हे ठरलेलंच होतं' असं वाटायला लावणाऱ्या तीन मुख्य जागा आहेत.

एक : निवड. जेड पॅलेसच्या अंगणात ड्रॅगन वॉरियर निवडायचा सोहळा चालू आहे. पो बाहेर अडकलाय. फटाके बांधलेल्या खुर्चीवरून तो उडतो आणि आत येऊन पडतो, नेमका टायग्रेसच्या समोर, जिच्याकडे ऊग्वेचं बोट वळत होतं. गुरू शिफू म्हणतो, हा अपघात आहे. ऊग्वेचं उत्तर असं की अपघात असं काही नसतंच.

दोन : पीस. ताय लुंग वीस वर्षं तुरुंगात आहे. तो सुटणार असं ऊग्वेला दिसतं. शिफू घाबरून झेंग नावाच्या पक्ष्याला तुरुंगात पाठवतो, बंदोबस्त वाढवा असा निरोप घेऊन. झेंगचं एक पीस तिथे पडतं आणि त्याच पिसाने ताय लुंग कुलूप उघडतो. निरोप पाठवला नसता तर पीस पडलंच नसतं. टाळण्यासाठी केलेली गोष्टच घडण्याचं कारण झाली.

तीन : गुंडाळी. ज्या ड्रॅगन स्क्रोलसाठी ताय लुंग वेडा झाला, त्यात अमर्याद शक्तीचं रहस्य लिहिलंय असं सगळ्यांना वाटतं. पो ती उघडतो. आत काहीच नाही. चकचकीत कोरा पृष्ठभाग, त्यात स्वतःचाच चेहरा.

आता या तीन नोंदी शेजारी ठेवून पाहा. त्या एकमेकींशी जुळत नाहीत! पहिली म्हणते, सगळं ठरलेलं आहे. दुसरी म्हणते, भाकितावर माणसं जे करतात त्यातून भाकीत खरं होतं. तिसरी म्हणते, लिहिलेलं काहीच नव्हतं. म्हणजे एकाच सिनेमात नशिबाचे तीन सिद्धांत आहेत. 'या सिनेमाचा संदेश काय?' असा एकवचनी प्रश्न विचारला की त्यातले दोन आपोआप गायब होतात. प्रश्नावल्यांचा पहिला दोष हा.

तिसरी पायरी : न बसणारा पुरावा टाळायचा नाही

तुमच्या विधानात न बसणारी गोष्ट दिसली की ती गालिच्याखाली ढकलायची नाही, ती टेबलावर ठेवायची. इथे ती गोष्ट म्हणजे टायग्रेस.

टायग्रेस लहानपणापासून सराव करतेय. तिला घरातला बाप-गुरू शिफू आहे, पण त्याचं प्रेम ताय लुंगवर होतं तसं पुन्हा कुणावर नव्हतं, हे ती स्वतःच पो ला सांगते. सगळी पात्रता असलेली ती उभी आहे, आणि समोर कधीही सराव न केलेला एक जण आकाशातून येऊन पडतो. निवड त्याची होते. सिनेमाच्या शेवटी त्याच्यासमोर सगळ्यांत आधी वाकते ती टायग्रेसच.

आता 'मेहनतीचं फळ कसं मिळतं?' हा प्रश्न पुन्हा वाचा. या सिनेमात सर्वांत जास्त मेहनत करणाऱ्या व्यक्तीला ते फळ मिळत नाही! पो मेहनत करतो, मोमोजच्या मागे धावत धावत खरोखर शिकतो, पण निवडून झाल्यानंतर. मुलांना ही विसंगती दिसते. "टायग्रेसने काय चुकीचं केलं होतं?" हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर त्याला सिनेमा समजलेला नाही असं नाही. बहुतेक मोठ्यांपेक्षा त्याला तो जास्त समजलाय.

माझ्या मते सिनेमा इथे कच्चा आहे. टायग्रेसच्या वाट्याला त्याने दिलं काय? पराभव, मग आदराने वाकणं. तिचा राग त्याने असूयेसारखा रंगवला. त्या रागात एक रास्त तक्रार होती, तिचं उत्तर सिनेमा देत नाही. निवड झाल्यानंतर टायग्रेस शिफूची माफी मागते, जणू दोष तिचाच. शिफूचं त्यावरचं उत्तर असं की सकाळपर्यंत हा पांडा पळून गेला नाही, तर अपयश माझं. या एका क्षणात सिनेमा एका मोठ्या प्रश्नाच्या दारात उभा राहतो आणि विनोद करून पुढे जातो.

आपल्यातले कितीतरी जण या प्रश्नात राहतात. नेट, सेट, पेट, जागा निघणं, न निघणं, गाईड मिळणं, आरआरसीसमोर विषय मान्य होणं. चार-चार वर्षं तयारी करणाऱ्याला घरचे म्हणतात, "नशिबात असेल तर होईल." आणि दुसऱ्याच क्षणी म्हणतात, "मेहनत कमी पडली असेल." या दोन वाक्यांपैकी एकही वाक्य निवड करणाऱ्या यंत्रणेबद्दल काही बोलत नाही. जागा किती होत्या, निकष कोणी ठरवले, बोट कोणाचं होतं? मुलाने टायग्रेसबद्दल विचारलेला प्रश्न नेमका इथे बोट ठेवतो. त्याला 'तिने अजून मेहनत करायला हवी होती' असं खोटं उत्तर देऊन गप्प केलं, तर आपण त्याला एक चांगला प्रश्न विसरायला शिकवतो.

चौथी पायरी : विधान बांधणं. दोन बाप, दोन नशिबं

आता मूळ विधानाकडे येऊ. सिनेमात आपल्या मुलाचं नशीब ठरवणारे दोन बाप आहेत.

पहिला मिस्टर पिंग, पो ला वाढवणारा. त्याचं म्हणणं, नूडल्स आपल्या रक्तातच आहेत. प्रत्येकाची जगात एक जागा असते, आणि पो ची जागा अमुक-अमुक नंबरच्या टेबलांपाशी. पण हे दुकान घराण्यात आलं कसं, ते पिंग स्वतःच सांगून जातो : त्याच्या आजोबांनी ते एका मित्राकडून माहजोंगच्या डावात जिंकलं होतं! एका वाक्याचा विनोद आहे, हसता हसता निसटतो. पण विश्लेषणासाठी तो सोनं आहे. 'रक्तातलं' म्हणून जे सांगितलं जातंय, ते तीन पिढ्यांपूर्वी एका जुगारात हाती लागलेलं आहे. आपल्याही घरांत 'आमच्या खानदानातच हे आहे' म्हणून सांगितलेल्या कितीतरी गोष्टींचा माहजोंग शोधून काढता येईल.

दुसरा शिफू. दारात सापडलेल्या ताय लुंगला त्याने मुलासारखं वाढवलं आणि लहानपणापासून त्याच्या मनात भरवलं की तू महान होणार, ती गुंडाळी तुझीच आहे. ऊग्वेने नकार दिला. ज्याला आयुष्यभर एकच नशीब सांगितलं होतं, त्याला ते नाकारल्यावर दुसरं काही उरलंच नव्हतं. तो दरीवर तुटून पडला. शेवटच्या लढाईत शिफू कबूल करतो की तुझ्यावरच्या प्रेमापोटी आणि अभिमानापोटी मी तुझं काय करतोय हे मला दिसलं नाही. माझ्या दृष्टीने सिनेमातला सर्वांत खरा क्षण हाच.

म्हणजे एका बापाने नशीब छोटं सांगितलं, दुसऱ्याने मोठं. पहिला मुलगा गुदमरला, दुसरा उद्ध्वस्त झाला. आणि पो मोकळा होतो तो कधी? पिंग त्याला सांगतो की माझ्या प्रसिद्ध सूपमध्ये गुप्त पदार्थ असा काही नाहीच, तेव्हा. बाप स्वतःहून आपली दंतकथा मागे घेतो, आणि त्यानंतरच पो ला कोऱ्या गुंडाळीचा अर्थ लागतो.

आता सटवाईच्या पूजेतला कोरा कागद आठवा. तो रात्रभर तिथे असतो आणि सकाळीही कोराच असतो. समजूत अशी की लिहिलेलं आपल्याला दिसत नाही. सिनेमा म्हणतो, लिहिलेलंच नाही. दोन वाचनांमधला हा फरक खूप महत्त्वाचा आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी : मोठ्या माणसांना त्या कागदावर आपला मजकूर वाचायचा मोह आवरत नाही. "ही आमची डॉक्टर." "हा बापावर गेलाय, गणित येणारच नाही." अशी वाक्यं आपण त्याच कोऱ्या कागदावर लिहितो आणि सही मात्र सटवाईची करतो.

तुलनेची संधी : शेन आणि कंस

'कुंग फू पांडा 2' (2011, दिग्दर्शक जेनिफर यू नेल्सन) पाहिला तर माझ्या विधानाला अजून आधार मिळतो. मोर राजपुत्र शेनबद्दल भाकीत होतं की काळ्या-पांढऱ्या रंगाचा योद्धा तुझा पराभव करेल. शेन पांडांची वस्ती कापून काढतो. पो ची आई बाळाला मुळ्यांच्या खोक्यात लपवते, ते खोकं पिंगच्या दुकानाशी पोहोचतं, आणि पुढचं सगळं घडतं.

मराठी घरातल्या मुलाला ही गोष्ट आधीच माहीत असते! आकाशवाणी, देवकीचा आठवा मुलगा, कंसाने मारलेली बाळं, टोपलीतून गोकुळात पोहोचलेला कृष्ण, यशोदा. 'ही गोष्ट तुला कुठली वाटते?' हा प्रश्न सहा वर्षांच्या मुलालाही बोलतं करू शकतो. पण तुलनात्मक अभ्यास साम्यावर थांबत नाही, फरकही लिहावा लागतो. कृष्ण कंसाला मारण्यासाठीच जन्माला आलेला आहे, कंसाने काहीही केलं असतं तरी. पो तसा नाही. शेन गप्प बसला असता, तर पो आपल्या आईबापाजवळ वाढला असता आणि कदाचित शेनचं नावही त्याने ऐकलं नसतं. एका कथेत भाकीत सत्य सांगतं, दुसरीत भाकिताची भीती सत्य घडवते.

पाचवी पायरी : संशोधन काय सांगतं, आणि काय सांगत नाही

आत्तापर्यंत आपण सिनेमा वाचला. मुलं तो तसा वाचतील हे अजून सिद्ध झालेलं नाही. संहितेचं विश्लेषण आणि प्रेक्षकांचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मिसळल्या की वायवाला पहिला प्रश्न तिथेच येतो.

मुलं आणि 'हेतू' याबद्दल बराच अभ्यास झालाय. डेबोरा केलेमन यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं होतं की दगड टोकदार का असतात. मुलांचा कल 'अमुक कामासाठी' अशा उत्तरांकडे जास्त होता, मोठ्यांचा तसा नव्हता. पुढे कोनिका बॅनर्जी आणि पॉल ब्लूम यांनी 2015 मध्ये हाच धागा आयुष्यातल्या घटनांपर्यंत नेला. घटना काहीतरी हेतूने घडतात हे स्पष्टीकरण लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त स्वीकारतात असं त्यांना दिसलं. म्हणजे अपघात नसतोच हे ऊग्वेचं मत लहान मुलाला शिकवावं लागत नाही, त्याचा कल आधीच तिकडे असतो. पालकांचं काम मग दुसरी शक्यता समोर ठेवणं, हे उरतं.

दुसरा महत्त्वाचा अभ्यास मेरी-लुईझ मारेस आणि एमिली अकोस्टा यांचा, 2008 चा. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी तीन पायांच्या कुत्र्याची एक कार्टून गोष्ट दाखवली. मोठ्यांना त्यात 'वेगळ्या असलेल्यांना स्वीकारा' हा धडा स्पष्ट दिसतो. मुलांपैकी अनेकांनी मात्र तो कुत्र्यांपुरताच घेतला. आता 'पो कडून काय शिकलास?' या प्रश्नाचं उत्तर काय येईल? एक तर 'जाड असलं तरी कुंग फू येतं', नाही तर मोठ्यांना हवं ते पाठ केलेलं वाक्य. दुसरं उत्तर आलं की पालक खूश होतात, हीच अडचण.

तिसरं, पालकांची भूमिका. पॅटी व्हॅल्केनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये टीव्हीबाबत पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार मोजण्याची मापनश्रेणी तयार केली : समजावून सांगणं, बंधन घालणं आणि नुसतं सोबत बसून पाहणं. तुमच्यापैकी कुणाला या विषयावर काम करायचं असेल तर सुरुवात इथून करा. फक्त ती श्रेणी नेदरलँड्समध्ये टीव्हीसाठी बनलेली आहे. मोबाइलवर आजीसोबत सिनेमा पाहणाऱ्या मुलाला ती जशीच्या तशी लावायची नाही.

चौथं, कौतुक. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांचा 1998 चा अभ्यास प्रसिद्ध आहे : 'तू हुशार आहेस' असं कौतुक मिळालेली मुलं अपयशानंतर 'तू कष्ट घेतलेस' असं ऐकलेल्या मुलांपेक्षा लवकर खचली. ताय लुंगसाठी हे अगदी फिट बसतं, नाही का? म्हणूनच सावध राहा. या विचारावर आधारलेल्या पुढच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये सिस्क आणि सहकाऱ्यांनी घेतला, तेव्हा शालेय यशावरचे परिणाम एकूण क्षीण निघाले. आपल्या विधानाला सोयीचा एक अभ्यास उचलून त्यावर इमारत बांधणं हे नवशिक्या संशोधकाचं आवडतं काम, ते टाळा. माझं शिफूबद्दलचं वाचन सिनेमातल्या पुराव्यावर उभं आहे. ड्वेक नसत्या तरी ते उभं राहिलं असतं, आणि तसंच ते राहायला हवं.

मग पालकांनी विचारायचं काय?

टीका केली की पर्यायही द्यावा लागतो. वरच्या वाचनातून निघणारे काही प्रश्न देते. हे प्रयोगाने सिद्ध झालेले नाहीत, वाचनातून आलेले आहेत.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी प्रश्न ठोस हवेत. 'नशीब म्हणजे काय' हा प्रश्न इथे चालत नाही. "पो पडला नसता तर ऊग्वेचं बोट कुणाकडे गेलं असतं?" "पीस पडलं नसतं तर?" एकेक वस्तू काढून गोष्ट पुन्हा सांगायची. मुलांना हा खेळ वाटतो, आणि घटना वेगळीही घडू शकली असती हा विचार त्यातूनच सुरू होतो.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला 'कोण म्हणतंय?' हा प्रश्न विचारता येतो. "पो चं नशीब नूडल्स आहे असं कोण म्हणालं? त्याला ते कसं माहीत?" "ताय लुंगला कुणी सांगितलं? पो ला कुणी विचारलं का, तुला काय व्हायचंय?" प्रत्येक नशिबाच्या मागे एक बोलणारा आहे हे मूल स्वतः शोधून काढतं.

बारा-तेराच्या पुढे टायग्रेस. "तिच्यावर अन्याय झाला का? मग तिने काय करायला हवं होतं?" इथे पालकाने उत्तर तयार ठेवू नये. संवाद साधारण असा जाऊ शकतो :

"बाबा, टायग्रेसनेच जिंकायला पाहिजे होतं."
"का रे?"
"ती रोज प्रॅक्टिस करायची ना. पो तर नुसता खायचा."
"मग ऊग्वे चुकला?"
"चुकला नाही… पण त्याने तिला सांगायला तरी पाहिजे होतं, का नाही निवडलं ते."

इथे बाबांनी थांबावं. 'पण बघ, शेवटी पो नेच वाचवलं ना सगळ्यांना!' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळावं. कारण निवड योग्य ठरली म्हणून निवडीची पद्धत योग्य होती असं सिद्ध होत नाही. मुलगा त्या फरकाच्या अगदी जवळ पोहोचलाय.

आणि शेवटचा प्रश्न पालकाने स्वतःला विचारायचा नाही, मुलाला विचारायचा : "मी तुझ्याबद्दल असं काही नेहमी म्हणतो का, की तू अमुकच होणार, नाही तर तुला तमुक जमणारच नाही?" मी पाहिलेल्या प्रश्नावल्यांत हा प्रश्न नाही. तो अवघड आहे, कारण याचं उत्तर येतं.

एक खबरदारी. ज्या घरात नशिबावर, देवावर श्रद्धा आहे तिथे हे प्रश्न श्रद्धा मोडायला वापरायचे नाहीत. 'दैव देतं आणि कर्म नेतं' म्हणणारी आजी आणि 'असेल माझा हरी' म्हणत हसणारे आजोबा एकाच घरात असतात, आणि मुलं दोघांचंही ऐकून मोठी होतात. आजीला चर्चेत बसवा. पीस आणि कुलूप पाहून ती काय म्हणते ते ऐकण्यासारखं असेल. संशोधक म्हणून आपलं काम कोण बरोबर ते ठरवण्याचं नाही. कोण कुठला शब्द कुठल्या अर्थाने वापरतं ते टिपणं, एवढं आपलं काम.

तुमच्यासाठी काम

या लेखातून निदान तीन संशोधन प्रश्न निघतात. मुलं टायग्रेसच्या न होण्याचं कारण कुठे शोधतात, तिच्यात, ऊग्वेत की नशिबात? वयानुसार ते बदलतं का? पालकांनी उत्तर देणं थांबवलं तर मुलं जास्त बोलतात का? यातला एक निवडा. त्यातले शब्द साफ करा, कोणती मुलं, किती, कुठली आणि कोणत्या भाषेतून सिनेमा पाहिलेली, ते लिहा. मग तुमच्या विधानाविरुद्ध जाणारा पुरावा कसा दिसेल, ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर विषय अजून तयार झालेला नाही असं समजा.

आणि हो, तुमच्या गाईडने किंवा घरच्यांनी 'संशोधन तुझ्या नशिबात नाही' असं कधी म्हटलं असेल, तर संशोधकाचा नेहमीचा प्रश्न तिथेही लागू होतो : हे कोण म्हणतंय, आणि त्यांना ते कसं माहीत?